मल्टिप्लिसिटी: बीएने (बिझनेस अॅनालिस्टने) '१' आणि '*' लिहून हात झटकायचे?

शून्य_ते_अनेक
एका पोस्टवर टाळ्या पडताहेत: 'क्लास डायग्राममध्ये बीएने १ किंवा * एवढंच लिहावं, किमान-कमाल डेटाबेसवाले बघतील.' क्लास डायग्राम म्हणजे कशाकशाची नोंद ठेवायची आणि ते एकमेकांना कसं जोडलंय याचं यूएमएल पद्धतीचं चित्र; रेघेच्या टोकाला 'किती' ते लिहितात, ती मल्टिप्लिसिटी, आणि * म्हणजे कितीही. डेटाबेसवाले काय बघणार, कपाळ? किमान आकडा हा कामकाजाचा नियम असतो आणि तो कचेरीत बसलेल्यालाच ठाऊक असतो.

सातबारा घ्या. फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि गट (जमिनीचा क्रमांकित तुकडा) यांच्यामधली रेघ. एका फेरफाराने किती गटांवर अंमल होतो? किमान एक, वर मर्यादा नाही. वारसाची एकच नोंद मयताच्या त्या गावातल्या सगळ्या गटांना लागू शकते. म्हणून गटाच्या टोकाला १..*. नुसतं * लिहिलंत की यूएमएलमध्ये ते ०..* झालं, म्हणजे कुठल्याच गटाला न लागणारा फेरफार चालेल असं तुम्हीच लिहून दिलंत. मग गट नंबरचा रकाना ऐच्छिक होतो आणि अधांतरी नोंदी साठतात. उलट १ लिहिलंत, तर सात गटांच्या वारसनोंदीला सात फेरफार नंबर पडतील. गट आणि भोगवटादार (जमीन ज्याच्या नावावर तो) यांच्या रेघेत भोगवटादाराच्या टोकालाही १..*च, मयताचं नाव वारस लागेपर्यंत निघत नाही. बोजा मात्र ०..*. कर्ज नसलेला सातबारा असतो बुवा अजून.

सरळरेघ
पोस्ट इतकी टाकाऊ नाही. पहिल्याच बैठकीत तलाठ्यासमोर '०..*' ठेवलंत तर तो मान डोलावणार आणि चुकीचं मंजूर करून मोकळा होणार. आधी एक की अनेक ठरवा, किमान नंतर साध्या वाक्यात विचारा: 'हे नसताना ते असू शकतं का?' शिवाय १..* लिहिणारे आकडा भलत्याच टोकाला लिहितात, त्याचं काय?

शून्य_ते_अनेक
'एका अ ला किती ब?' असं विचारा, उत्तर ब च्या टोकाला लिहा. मग उलट विचारा. एवढंच असतं ते. आणि किमान नंतर ठरवायचं असेल तर टोक कोरं ठेवा. कोऱ्या टोकावरून काहीच निष्कर्ष निघत नाही; * म्हणजे 'शून्यही चालेल' असा पक्का होकार.

फेरफारप्रेमी
फेरफाराच्या टोकाचा आकडा सोयीने गाळलात! तिथे ०..* हवं. जुन्या गटांचे कित्येक फेरफार सिस्टीममध्ये नसतात, कागदावर असतात.

शून्य_ते_अनेक
हा डेटा आणण्याचा प्रश्न झाला. कामकाजाच्या चित्रात 'आमच्याकडे डेटा नाही' म्हणून शून्य लिहायचं नसतं. ती अडचण मायग्रेशनच्या, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणण्याच्या, कागदात लिहा.

बांधकोरू
तुमचं शून्य-एक चालू द्या. मूळ चित्रच चुकलंय. सगळेजण खातेदार आणि गट यांच्यात थेट अनेक-अनेक रेघ ओढतात, वर हिस्सा टांगायला असोसिएशन क्लास, म्हणजे त्या रेघेचीच माहिती ठेवणारा चौकोन. तोच खातेदार आणि तोच गट या जोडीची असोसिएशन क्लासमध्ये एकच नोंद बसते, कारण टोकं मुळात युनिक धरलेली असतात. आता एकाच गटात माणसाची काही जमीन स्वतः खरेदी केलेली आणि काही भावांबरोबर सामाईक. एकाच जोडीच्या दोन नोंदी. कुठे बसवणार?

सरळरेघ
टोकाला नॉनयुनिक लिहा. झालं. उगाच बाऊ.

बांधकोरू
झालं कसं? त्या दोन नोंदींत खरेदीची कुठली आणि सामाईक कुठली, हे काय रंगावरून ओळखणार? गाव नमुना ८अ, म्हणजे खात्यांची नोंदवही, कधी उघडून पाहिलाय का? मध्ये खाते लागतं. एका खात्यात खातेदार १..*, एका खातेदाराची खाती १..*. खाते ते गट पुन्हा अनेक-अनेक, क्षेत्र आणि आकार (सारा) त्या रेघेवरच्या असोसिएशन क्लासमध्ये. आता तो माणूस दोन खात्यांतून त्याच गटाला पोचतो आणि कुठलीच जोडी दुहेरी होत नाही.

फेरफारप्रेमी
खातेदाराची खाती ०..* असतील ना? सगळी जमीन विकल्यावर?

बांधकोरू
मग तो खातेदार राहिला का? क्लासचं नाव 'व्यक्ती' ठेवलंत तर ०, 'खातेदार' ठेवलंत तर १. आधी नाव ठरवा, मग वाद घाला.

सरळरेघ
आवाज खाली. खाते हवं, मान्य. पण मग सामाईक खात्यातला हिस्सा कुठे? खाते-गट रेघेवर क्षेत्र सगळ्यांचं मिळून आहे. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी: १/४ प्रत्येकी, हे तुमच्या चित्रात दिसत नाही.

बांधकोरू
सातबाऱ्यावर तरी कुठे नेहमी दिसतं? हिस्सा खातेदार-खाते रेघेवर ठेवा, ०..१ म्हणून. नोंदवला नसेल तर रिकामा. सक्तीचा केलात की ऑपरेटर शून्य किंवा एक ठोकून पुढे जाणार.

शून्य_ते_अनेक
आणि हिश्श्यांची बेरीज १ व्हायला हवी, हे कुठलीही मल्टिप्लिसिटी सांगत नाही. ती फक्त किती जण ते मोजते. सगळे हिस्से नोंदवलेले असतील तेव्हाच बेरीज तपासायची, हा नियम शब्दांत वेगळा लिहावा लागतो.

फेरफारप्रेमी
एक राहिलं. नवीन खाते आणि त्याचा खातेदार, दोन्ही टोकांना १..*. मग आधी काय भरायचं? खातेदाराशिवाय खाते नाही, खात्याशिवाय खातेदार नाही.

बांधकोरू
दोन्ही एकाच सेव्हमध्ये. किंवा मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत ते नुसतं फेरफारातलं प्रस्तावित नाव, वेगळा क्लास, त्याला खात्याची सक्ती नाही. हरकतीची मुदत संपून नोंद प्रमाणित झाली की खातेदार. एकाच क्लासवर 'आधी ०, मग १' अशी चिठ्ठी चिकटवू नका.

सरळरेघ
बरं, ०..१ सारखा किमान आकडाही दाखवायला हरकत नाही, असं पोस्ट टाकणाऱ्याला कळवतो. तुमच्या वतीने नमस्कारही सांगतो, किमान १.