पुढचा आडवा पाटा: आसाच्या वर की मागे?

धागालेखक

घरी बांधत असलेल्या हॉट रॉडची (जुन्या गाडीवरून बनवलेल्या वेगवान गाडीची) चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आता चाकांवर उभी राहण्याच्या बेतात आहे आणि पुढचा आडवा पाटा (पानांची स्प्रिंग) कुठे बसवावा यावर माझे व माझ्या सहकाऱ्याचे एकमत होत नाही. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्यांमध्ये हा पाटा आसाच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) थेट वर, पुढच्या क्रॉसमेंबरखाली, म्हणजे चॅसीच्या आडव्या तुळईखाली, यू-बोल्टांनी आवळलेला असे. मला तीच मांडणी हवी आहे. सहकाऱ्याच्या मते क्रॉसमेंबरच्या पुढे एक ब्रॅकेट काढून पाटा त्याखाली बसवावा आणि आस त्याच्याही पुढे न्यावा, म्हणजे चॅसी बरीच खाली येते.

माझा आक्षेप असा आहे की पाटा आसापासून १०० मिलिमीटर मागे गेला आणि पुढच्या भागाचे वजन ३०० किलो धरले, तर आस सतत पिळला जातो. तो पीळ अखेर आसाला मागे चॅसीशी जोडणाऱ्या ७५० मिलिमीटर लांबीच्या रेडियस रॉडच्या मागच्या टोकावर सुमारे ४० किलोचा उभा भार होऊन येतो, आणि गाडी नुसती उभी असतानाही तो तेथे असतोच. पाटा आसाच्या वर असेल तर हा पीळ मुळात निर्माणच होत नाही.

पहिला प्रतिसाद

आपले गणित बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. करकचून ब्रेक लावला तर तेवढ्याच ३०० किलोच्या आसपासचे बल टायरच्या तळाशी येते, आणि चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर धरली तर आसावरचा पीळ आपल्या आकड्याच्या तिप्पट होतो. जे रॉड हा भार सहज पेलतात, त्यांना आपले ४० किलो जड जाण्याचे कारण नाही. खुद्द फोर्डने १९३५ च्या गाडीत पाटा आसाच्या वरून काढून पुढे नेला होता. आपल्या सहकाऱ्याला हव्या असलेल्या ब्रॅकेटला ‘सुसाइड’ असे नाव पडल्यामुळे लोक त्याला घाबरतात, पण दोष मांडणीत नसून तो बनवणाऱ्याच्या कामात असतो.

दुसरा प्रतिसाद

रॉडबद्दल मीही निश्चिंत आहे. मला काळजी ब्रॅकेटची वाटते. दुरुस्तीसाठी आलेल्या अशाच एका गाडीखाली मी झोपलो होतो, तेव्हा ब्रॅकेटच्या खालच्या कडेला, वेल्डिंग संपते नेमके तिथे, रंगातून केसाएवढी तांबूस रेघ उमटलेली दिसली. रंग खरवडल्यावर ती भेग निघाली आणि तिच्यात गंज धरलेला होता. वरून पाहिले तर सांधा नव्यासारखा होता.

याचे कारण सरळ आहे. पाटा ब्रॅकेटचे टोक वर ढकलतो, त्यामुळे वरचा सांधा दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. बहुतेक जण मात्र आधाराची त्रिकोणी पट्टी वर लावतात, कारण तिथे हात पोहोचतो. पाटा क्रॉसमेंबरखाली असेल तर वजन सरळ खाली उतरते आणि वेल्डिंगवर असा ताण येत नाही, म्हणून माझे मत धागालेखकांच्या बाजूने आहे.

पहिला प्रतिसाद (पुन्हा)

ही भेग माझेच म्हणणे सिद्ध करते. ब्रॅकेट क्रॉसमेंबरच्या तोंडावर नुसते चिकटवण्याऐवजी जाड नळी क्रॉसमेंबरच्या आरपार नेऊन दोन्ही बाजूंनी जोडली आणि त्रिकोणी पट्ट्या खालून दिल्या, तर तो ताण एका रेघेवर साचत नाही.

तिसरा प्रतिसाद

आपण सर्व पाट्याच्या मध्यावर वाद घालत आहात, पण गाडी बिघडते ती पाट्याच्या टोकांना. पूर्ण वजन आल्यावर शॅकल (पाट्याची टोके आसाला जोडणारे झुलते दुवे) साधारण ४५ अंशांत असावेत. ते जवळजवळ उभे झाले तर चॅसी आसावर झोक्यासारखी बाजूला सरकू लागते, आणि स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा रॉड आडवा असेल तर चालकाने हात न हलवताही चाके वळतात. अशा वेळी पॅनहार्ड रॉड, म्हणजे चॅसीला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा, हवाच. तो स्टीअरिंगच्या त्या आडव्या रॉडला समांतर आणि शक्यतो त्याच लांबीचा असावा, आणि त्याचे चॅसीकडचे टोक स्टीअरिंग बॉक्सच्याच बाजूला असावे. पाटा आसाच्या वर असो की मागे, यातून कोणाचीही सुटका नाही.

यू-बोल्टांकडेही लक्ष द्यावे. पाटा धरून ठेवण्याचे काम त्यांचे आहे. पानांच्या मधल्या छिद्रातून जाणारा सेंटर बोल्ट पाने फक्त एका ओळीत ठेवतो. यू-बोल्ट सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो, किंवा पाने त्या छिद्रापाशीच मोडतात.

धागालेखक

शॅकलचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार. इंजिन अजून चढलेले नाही, त्यामुळे आज मोजलेला कोन फसवाच ठरला असता. मी पाट्याची काही पाने काढून चॅसी चालत्या गाडीच्या उंचीवर बसवीन आणि मगच कोन मोजीन.

ब्रॅकेटबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. नळी आरपार नेण्याचा उपाय चांगला आहे, हे मी मान्य करतो. परंतु टोके वर उचललेला ड्रॉप्ड आस आणि डोळे (टोकांच्या वळ्या) उलट्या बाजूला वळवलेले मुख्य पान वापरून जर मला हवी तेवढी उंची कमी होत असेल, तर ज्या सांध्याची तपासणी दरवेळी गाडीखाली शिरून करावी लागेल, तो सांधा मी मुळात का निर्माण करावा? सहकाऱ्याला आणखी दोन इंच खाली हवे आहे, आणि तेवढ्यावर आमची चर्चा अडली आहे.