मस्कीचा रॉड: 'लाइफटाइम वॉरंटी'साठी शंभर डॉलर जास्त मोजावेत का?

गळकरी
मंडळी, गेल्या सप्टेंबरात मिनेसोटातल्या लीच लेकवर माझा नऊ फुटी मस्की रॉड, म्हणजे मस्की मासा धरायची काठी, तुटला, त्यानंतर कंपनीने जे केलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय, ते इथे मांडतो, पटलं नाही तर बिनधास्त सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मस्की म्हणजे इकडे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारियोच्या तळ्यांत मिळणारा, पाइकच्या खानदानातला सगळ्यात मोठा मासा. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर 54 इंचांच्या आतला ठेवताच येत नाही, म्हणजे साडेचार फूट झाले बघा. आणि दहा हजार कास्टला, म्हणजे दहा हजार वेळा फेकल्यावर, एक मासा असं इकडे म्हणतात. म्हणजे रॉड मासा ओढून झिजत नाही, फेकून फेकून झिजतो, दिवसभर सहा-सात औंसाचं ल्यूर, म्हणजे नकली आमिष, भिरकावत बसायचं.

तर सकाळची वेळ, पाण्यावर धुकं, सहा औंसाचं रबरी ल्यूर लावलेलं, रॉडवर छापलंय 3 ते 8 औंस. मागे नेला, पुढे झोकला आणि वाळकी फांदी मोडावी तसा कडाक् आवाज, वरचा अख्खा तुकडा लाइनवरून घसरत ल्यूरच्या मागे पाण्यात. हँडलच्या वर दीड वीतभर अंतरावर तुटलाय. हातात राहिला तो बुडखा. 14 महिने वापरला होता, 350 डॉलरचा, लेबलवर ठळक 'लाइफटाइम'. ईमेल केला, 19 दिवस काहीच नाही. फोन केला तर म्हणे फोटो पाठवा. पाठवले तर दोन ओळींचं उत्तर, वापरणाऱ्याची चूक, नवा हवा तर अर्ध्या किमतीत देतो, कुरिअरचे वेगळे.

माझं म्हणणं एवढंच, एवढे पैसे घेणाऱ्याने पहिल्यांदा तुटला तर काही न विचारता बदलून द्यावा, नाहीतर लाइफटाइम हा शब्द छापूच नये.

होडीवाला
वाईट वाटलं वाचून, पण मत अजिबात पटलं नाही.

मस्कीचे रॉड मासा मोडत नाही, होडी मोडते. ग्राफाइटचा ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, ही पोकळ नळी असते. ती वाकते तेव्हा गोलाचा लंबगोल होतो, आणि त्या जागी भिंतीला आधीच टोचा बसलेला असेल तर तिथेच चेपते आणि जाते. टोचा कशाने बसतो तर लाटांवरून होडी आपटत जाताना शेजारच्या रॉडला लटकवलेलं ल्यूर तासभर तुमच्या ब्लँकवर ठकठक करतं त्याने. त्या दिवशी काही होत नाही, तीन महिन्यांनी साध्या कास्टला तुटतो आणि माणूस म्हणतो मी तर काहीच केलं नव्हतं.

आणि महाग म्हणजे मजबूत हा समज आधी काढून टाका. महाग रॉड हलका असतो, ताठ असतो, कारण भारी ग्राफाइट वापरून भिंत पातळ ठेवलेली असते. मार तो कमीच सोसणार.

राहिली फुकट बदलून द्यायची गोष्ट. लोक गाडीच्या दारात चेंगरलेले रॉड कास्टला तुटला म्हणून पाठवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते पैसे कंपनी खिशातून घालत नाही, पुढच्या रॉडच्या किमतीत धरते. मी माझे रॉड कव्हरमध्ये ठेवतो, दहा वर्षांत एक तुटलाय. दुसऱ्याच्या दाराचे पैसे मी का भरू?

गळकरी
होडीवाला, नळीचं समजलं, पण मग चूक कोणाची हे ठरवणार कोण? रॉड बनवणारा तोच, विकणारा तोच आणि फोटो बघून निकाल देणाराही तोच. तुकडे मागवून तरी बघा ना. मी दोन्ही तुकडे पाठवायला तयार होतो, त्यांनी मागितलेच नाहीत. हे कुठल्या हिशोबात बसतं?

नवखा_मस्कीवाला
एक विचारू का, एवढं सगळं करण्यापेक्षा फायबरग्लास मिसळलेला रॉड का नाही घेत? अग्ली स्टिक 1976 पासून त्याच जोरावर विकला जातोय. माझा तर होडीत पायाखाली आला तरी काही झालं नाही. 350 मध्ये तसे तीन-चार येतील.

गळकरी
येतील रे भावा, पण आठ तास तो फेकून बघ. दुपारी तीनला खांदा बोलायला लागतो आणि मग होडीजवळ फिगर एट करायचा, म्हणजे ल्यूर पाण्यात इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा, कंटाळा येतो, नेमका तिथेच मस्की मागून येत असतो. ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागे ल्यूर ओढत न्यायला, ठीक आहे, कास्टिंगला नाही.

विस्कॉन्सिनकाकू
मी मध्ये पडते जरा. 22 वर्षं झाली इकडे येऊन, मस्की 1955 पासून आमच्या राज्याचा मासा आहे आणि माझ्या घरात त्याच्यावरून भांडणं होतात, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजते.

गळकरी, तुझ्या लेबलवर लाइफटाइमच्या आधी बारीक अक्षरात 'लिमिटेड' लिहिलेलं असणार, काढून बघ. इथे 1975 चा वॉरंटीचा कायदा आहे, लेखी वॉरंटी देणाऱ्याने ती पूर्ण की मर्यादित ते सांगावंच लागतं. मर्यादित म्हणजे बहुतेक वेळा फक्त बनवण्यातला दोष, फक्त पहिला मालक, आणि लाइफ कोणाचं, तुझं की रॉडचं, ते आत वाचायचं. एकाच कंपनीच्या दोन सिरीजना वेगवेगळ्या अटी असतात. घेतानाच दुकानात उभं राहून वाचायचं, माझ्या लेकाला पण हेच सांगते.

पण होडीवाला, तुमचंही सगळं मान्य नाही हां. सगळं काही वापरणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. माझ्या एका रॉडची लाइन सारखी तुटायची, 80 पाउंडाची विणलेली (ब्रेडेड) लाइन, मला वाटायचं लाइनच खराब आहे. शेवटी कापसाचा बोळा प्रत्येक गाइडमधून, म्हणजे लाइन ओवायच्या कडीतून, फिरवला, टिपेकडून (वरच्या टोकाकडून) तिसऱ्या गाइडला दोन तंतू अडकले. आतल्या सिरॅमिकच्या कडीला केसाएवढी चीर, भिंगाशिवाय दिसत नव्हती. ती काय मी पाडली? त्या लोकांनी फोनवर पाच मिनिटांत ऐकून घेतलं, आठवड्यात गाइड बदलून आला. सर्व्हिस म्हणजे मला एवढंच हवं असतं, फोन उचलणारा माणूस रॉड हातात धरलेला असावा.

पवनाकाठ
मी पुण्यात असतो, मस्की आयुष्यात पाहिला नाही, महसीरच्या मागे असतो. आमच्याकडे बाहेरून आणलेल्या रॉडची वॉरंटी म्हणजे नुसता कागद, कारण परत पाठवायचा खर्चच रॉडच्या अर्धा. मी दोन तुकड्यांचाच घेतो आणि वरचा टिपेचा तुकडा जास्तीचा मिळतो का ते आधी विचारतो. तुमच्याकडे नऊ फुटी एकसंध रॉड पाठवायला काय पडतं?

विस्कॉन्सिनकाकू
बरंच पडतं. आठ फुटांच्या वर पार्सल गेलं की कुरिअरवाले मोठ्या पार्सलचा दर लावतात. म्हणून तर फुकट बदलून दिलेला रॉडही फुकट पडत नाही. जवळच्या दुकानातून घ्यावा तो याच कारणासाठी, चांगला दुकानदार कंपनीशी स्वतः बोलतो.

होडीवाला
काकू, गाइडचं तुमचं बरोबर, तो सरळ बनवण्यातला दोष. गळकरी, एक काम करा, बुडखा जपून ठेवलाय ना? तुटलेल्या कडेवरून टॉर्च आडवा धरा आणि नख फिरवा. बाहेरच्या बाजूला बारीक खळगा लागतो का बघा, रंग उडालेला ठिपका असेल. आणि खरं सांगा, मासा जवळ आल्यावर रॉड आभाळाकडे उभा धरता का? तेव्हा बट, म्हणजे रॉडचा खालचा जाड भाग, कामच करत नाही, सगळा बाक वर टिपेकडे जातो. पण तसा तुटला असता तर टिपेकडे तुटला असता, तुमचा खाली तुटलाय.

गळकरी
आत्ता गॅरेजमधून आलो. आहे. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, रंग गेलेला, आणि तडा बरोबर तिथूनच निघालाय. ऑगस्टमध्ये माझे तीन रॉड होडीच्या तळाला एकावर एक पडलेले असायचे, त्यातलंच काहीतरी लागलं असणार. तेव्हा रॉड त्यांनी फुकट द्यायला हवा होता हे माझं म्हणणं मी मागे घेतो.

पण हे मला तुम्ही सांगितलंत, एका संध्याकाळीत. त्यांच्याकडे दररोज तुटलेले रॉड बघणारी माणसं असतील, त्यांनी एवढी एक ओळ लिहिली असती, ठिपका बघा, इथून तुटलाय, तर मी गपचूप अर्धे पैसे भरले असते. 19 दिवस आणि दोन ओळी, हे मी मागे घेत नाही.

होडीवाला
19 दिवसांचं तुमचं बरोबर. फुकट रॉडचं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

विस्कॉन्सिनकाकू
जूनच्या ओपनरला, म्हणजे हंगामाच्या पहिल्या दिवशी, तुझ्याकडे रॉड आहे का रे? माझा एक साडेआठ फुटी रिकामा आहे, 8 औंसापर्यंत चालतो. घेऊन जा. होडीत कव्हर घालून ठेव, आणि परत देताना गाइडमधून कापूस फिरवून दे.

गळकरी
काकू, शनिवारी येतो. कव्हर आजच मागवलीत, तीन.