फायर पॅनेलचा रिले टिक करतो पण एएचयू बंदच होत नाही

तापीकाठचा_वायरमन (भुसावळ)
राम राम मंडळी. आमच्याकडे एका एसी मंगल कार्यालयाचं मेंटेनन्स आहे, ४ एएचयू (डक्टमधून हॉलमध्ये गार हवा सोडणारी मशीनं), सगळ्यांना १० एचपीची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर, कॉइल २३० व्होल्टची. फायर पॅनेल ऍड्रेसेबल आहे आणि आधीच्या पार्टीने दर एएचयूला एक रिले मॉड्यूल (अलार्म आला की एएचयू बंद करणारा स्विच) टाकलेलं आहे. काल डिटेक्टरवर स्मोक स्प्रे मारून टेस्ट घेतली, हूटर वाजले, चारही मॉड्यूलचे लाल दिवे लागले, कान लावला तर आतून टिक पण ऐकू आलं. १ आणि ३ बंद झाले, २ आणि ४ आपले मजेत फिरताहेत. आधीची पार्टी फोनवर म्हणे पॅनेलचा बोर्ड बदला, मालक म्हणे लग्नाची तारीख तोंडावर आहे तू तेवढं गुपचूप फायरचा रिले वगळून डायरेक्ट करून टाक. डायरेक्ट तर मी करणार नाही, पण नेमकं बघू कुठं?

पॅनेलमामा (जळगाव एमआयडीसी)
बोर्डला हात लावू नको भो. दोन बंद होताहेत म्हणजे पॅनेल त्याचं काम करतंय, गडबड स्टार्टरच्या बाजूला आहे. आधी हे सांग, २ आणि ४ चा सिलेक्टर कुठं होता, ऑटोवर की मॅन्युअलवर? बरेच जण मॉड्यूलचा एनसी (एरवी जोडलेला, अलार्मला उघडणारा कॉन्टॅक्ट) फक्त ऑटोच्या वायरीत टाकतात, टायमरच्या सिरीजला. कोणी हाताने स्टार्ट दाबून चालू केलं की तो कॉन्टॅक्ट बायपास, मग खाली आग लागो की काही होवो. कॉन्टॅक्ट पाहिजे कंट्रोल फेजच्या अगदी सुरुवातीला, २ अॅम्पच्या एमसीबीनंतर आणि सिलेक्टरच्या आधी, म्हणजे तिथून पुढं स्टॉप बटण, ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ कॉन्टॅक्ट, कॉइल सगळंच एका झटक्यात मेलं पाहिजे. आणि टिक ऐकू आलं म्हणजे कॉन्टॅक्ट उघडला असं समजू नको. चिकटलेल्या कॉन्टॅक्टचं आर्मेचर पण थोडं हलतं. एमसीबी पाड, वायर मोकळी कर, मीटर बझरवर ठेवून सी (कॉमन) आणि एनसी बघ, अलार्मला बझर थांबला पाहिजे.

सातपुडा_इलेक्ट्रिकल (नंदुरबार)
एवढा किस काढायचाच कशाला, एमसीसीबीला (मोठ्या ब्रेकरला) शंट ट्रिप लावा, २४ व्होल्ट दिले की ब्रेकर खाली, विषय संपला. मी दोन ठिकाणी असंच केलंय.

पॅनेलमामा (जळगाव एमआयडीसी)
दादा, शंट ट्रिपला पाडायला करंट लागतो. वायर तुटली, उंदराने खाल्ली, तर तुम्हाला कळणारही नाही आणि ब्रेकर उभाच. अंडरव्होल्टेज कॉइल (व्होल्टेज गेलं की ब्रेकर पाडणारी) लावली तर ती फेलसेफ, पण आपल्याकडं मे महिन्यात व्होल्टेज जसं झोके घेतं ना, दर डिपला ब्रेकर पाडत बसेल आणि चार दिवसांत कोणीतरी ती काढून फेकेल. तुमच्या दोन ठिकाणी एकदा टेस्ट घ्या, खोटं सांगत नाही.

धूर_आणि_धुळे
मी फायर लायसन्स एजन्सीत आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (फायर यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट) द्यावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो हूटर वाजला की भरला जातो, एएचयूकडं कोणी बघत नाही. एएचयू बंद करायचं कारण साधं आहे, खालच्या किचनमधला धूर रिटर्न एअरला लागला की पाच मिनिटांत डक्टमधून वरच्या हॉलभर. पण एका बिल्डिंगला मी याच्या उलटं बघितलं, हौसेने जिन्याचा प्रेशरायझेशन फॅन (जिन्यात हवा भरून धूर बाहेर ठेवणारा) पण त्याच रिलेत घातलेला. तो अलार्मला चालू व्हायला पाहिजे भाऊ, बंद नाही! धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या फॅनचं पण तेच.
एनएफपीए ७२ (अमेरिकेचा फायर अलार्मचा कोड) मध्ये असं आहे की रिले ज्या सर्किटला तोडतो त्याच्या ३ फुटांच्या आत बसवायचा आणि पॅनेलपासून रिलेपर्यंतच्या वायरीवर पॅनेलचं लक्ष पाहिजे. म्हणजे मॉड्यूल पॅनेल रूममध्ये ठेवून तिथून दीडशे फूट साधी वायर ओढली तर मधे तुटलेली कोणाला दिसणार नाही.

तापीकाठचा_वायरमन (भुसावळ)
जमनं भो! दोन्हीची भानगड वेगवेगळी निघाली म्हणून आधी डोकं चालत नव्हतं. २ नंबर मामा म्हणाले तसंच, सिलेक्टर मॅन्युअलवर आणि एनसी फक्त ऑटोच्या वायरीत. ४ नंबरला बझर थांबेचना, मॉड्यूल उघडलं तर कॉन्टॅक्ट काळा कुळकुळीत आणि चिकटलेला. मॉड्यूलवर लिहिलंय २ अॅम्प ३० व्होल्ट डीसी, आणि ह्या महाभागाने त्यातून २३० व्होल्टची तीन कॉन्टॅक्टरची कॉइल सरळ फिरवलेली. १ आणि ३ पण तशीच आहेत, म्हणजे आज चालली उद्याचं काय खरं. आता चारहींना मधे २४ व्होल्टचा रिले टाकतोय, ६ अॅम्पचे कॉन्टॅक्ट. कॉइल नेहमी भरलेली (करंट चालू) ठेवायची आणि अलार्मला सोडायची असं धरलंय, बरोबर ना? २४ व्होल्ट पॅनेलमधूनच घेतो.

पॅनेलमामा (जळगाव एमआयडीसी)
भरलेली ठेव हे बरोबर, वायर तुटली तरी एएचयू बंद होणार. पण पॅनेलमधून घेऊ नको. समज एका कॉइलला ४० मिलिअॅम्प, चार म्हणजे १६०, लाइट गेल्यावर २४ तास धरले तर ३.८ एएच नुसते यांनीच खाल्ले. ७ एएचची बॅटरी असेल तर अर्धी तिथंच गेली, हूटर कशावर वाजवणार? त्यापेक्षा स्टार्टरच्याच कंट्रोल फेजवरून छोटं एसएमपीएस (२४ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय) लाव. लाइट गेली तर एएचयू तसाही उभा, मग रिले सुटला तर बिघडलं काय. कॉइलवर १एन४००७ डायोड टाक, पट्टी प्लसकडं. उलटा लावलास तर एसएमपीएस रडेल.
आणि टायमरचं बघ, ऑटोत पॅनेल रिसेट केलं की एएचयू आपोआप उठेल. तिथं एक रिसेट बटण टाक, जाऊन बघून मगच चालू झाला पाहिजे.

तापीकाठचा_वायरमन (भुसावळ)
रिसेट बटण टाकतो. मालकाला काळा कॉन्टॅक्ट हातात दिला, मग डायरेक्टचं नाव काढलं नाही. लग्न रविवारी आहे, शनिवारी चारही एएचयू ऑटो आणि मॅन्युअल दोन्हीवर स्प्रे मारून बघतो आणि कळवतो.