सातपुड्यातील वणवे: चांगल्या पावसानंतर अधिक का?

प्रश्न (रावेर तालुका)
होळीच्या सुमारास आमच्या गच्चीवरून सातपुड्यावर आगीच्या माळा दिसू लागतात. पाऊस कमी झाला की जंगल वाळते आणि वणवे वाढतात, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु पालच्या बाजूच्या डोंगरांवर पाऊस भरपूर झालेल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ते उलट जास्त पसरलेले दिसतात. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातील मोठ्या वणव्यांचे खापर मात्र दुष्काळावर फोडले जाते. यातील नेमके काय खरे मानावे?

उत्तर (धुळे)
दोन्ही खरे आहे, कारण जंगले वेगवेगळी आहेत. आपल्या पानझडी जंगलात उन्हाळ्यात जळण वाळणार हे ठरलेलेच असते, प्रश्न असतो तो जळण किती आहे याचा. पाऊस चांगला झाला की गवत कमरेएवढे वाढते, दिवाळीनंतर ते वाळू लागते, आणि त्यावर साग, सालई व अंजन यांच्या पानगळीचा थर पडतो. सागाचे पान वाळल्यावर वाटीसारखे वळते, त्यामुळे थर दबून बसत नाही आणि आत हवा खेळती राहून तो भराभर पेटतो. ऑस्ट्रेलियातील निलगिरी वृक्षांच्या दाट जंगलात किंवा कॅनडाच्या सूचिपर्णी वनात जळण कायमच साठलेले असते. तिथे अडसर ओलाव्याचा असतो, आणि तो दुष्काळ दूर करतो.

२०१९ चे उदाहरण पाहावे. त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील पाणी पूर्वेपेक्षा बरेच अधिक तापले होते, म्हणजे ज्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात तो प्रबळ होता. त्याने आपल्या मोसमी पावसाला हातभार लावला आणि देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला; ऑस्ट्रेलियात मात्र ते वर्ष नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे ठरले व पुढचे भीषण वणवे त्यावरच पोसले गेले.

उत्तर (शहादा)
वरील उत्तरात हवेच्या कोरडेपणाची भर घालतो. तापमान ३० वरून ४२ अंशांवर गेले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. प्रत्यक्ष बाष्प तेवढेच राहिले तर तीच हवा गवतातला उरलासुरला ओलावा ओढून घेते. वाळके गवत तासाभरात हवेशी जुळवून घेते, जाड ओंडक्याला मात्र कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच सकाळी धुमसणारी आग दुपारी आवरेनाशी होते. त्यातच उतार असेल तर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते आधीच तापवून ठेवतात. तोरणमाळच्या बाजूला चढावर धावणाऱ्या आगीच्या वरच्या अंगाला कोणीही उभे राहू नये, हे जाणती माणसे सांगतात ते यासाठीच.

उत्तर (चोपडा)
सगळे हवामानावर ढकलणे मला पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश निरभ्र असते, वीज पडून आग लागण्याचा संभव फारच थोडा. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, नवे गवत फुटावे म्हणून जुने जाळले जाते, कुठे विडीचे थोटूक पडते. कॅनडातील उत्तरेकडच्या जंगलांत मोठे क्षेत्र विजेने लागलेल्या आगींत जळते. २०२३ मध्ये त्या देशात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळाले. आपल्याकडे मात्र ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच. मोह वेचणाऱ्यांना दोष देऊन हात झटकावेत असेही नाही, कारण तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. झाडाखाली जाळी अंथरली तर पाला जाळण्याची गरजच उरत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. एक शंका उरते: पूर्वी रात्री वणवा मंदावत असे, असे आमचे आजोबा सांगत. त्यात काही तथ्य आहे का?

उत्तर (शहादा)
आहे. रात्री तापमान उतरले की हवेची सापेक्ष आर्द्रता वाढते, गवत किंचित ओलसर होते, आणि दिवसा दरीतून वर चढणारा वारा सूर्यास्तानंतर उलटा, डोंगरावरून खाली वाहू लागतो. त्यामुळे चढावरची आग रेंगाळते. तापमानवाढीत रात्रीही उकाड्याच्या होऊ लागल्याने ही सवलत कमी होत आहे. आग आवरायची ती पहाटे, हे तंत्र अजूनही उपयोगी आहे; परंतु जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळी ठेवलेली पट्टी, मात्र गवत पुरते कडक होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी, जाळून झालेली असावी, नाहीतर ती जाळतानाच आग हाताबाहेर जाते.