प्रतिसाद: वॉल्टर कॅम्प आणि घड्याळाचा कारखाना
ज्या पोस्टला हा प्रतिसाद देतोय तिच्यात म्हटलंय की वॉल्टर कॅम्प म्हणजे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच, बस्स. पण त्याची रोजीरोटी फुटबॉल नव्हतीच हो, तो न्यू हेवन क्लॉक कंपनीत नोकरीला होता आणि 1903 मध्ये तिचा प्रेसिडेंट झाला. 1876 पासून येलकडून खेळला, आणि खेळत असतानाच 1880 ला टीम पंधराची अकराची करून घेतली, बॉल एका टीमच्या ताब्यात ठेवून डाव सुरू करायची पद्धतही त्याचीच. मग 1882 ला तीन प्रयत्नांत 5 यार्ड पुढे जा नाहीतर बॉल सोडा हा नियम आला, तो मोजायला मैदानावर दर 5 यार्डांवर चुन्याच्या रेघा मारायला लागले.

मला सगळ्यात भावते ती त्याची बायको अ‍ॅलिस. लग्न 1888 चं. दुपारी प्रॅक्टिस असायची तेव्हा हा कारखान्यात अडकलेला, मग ती मैदानाच्या कडेला उभी राहून कोण कसं खेळलं ते टिपून घ्यायची आणि रात्री घरी कॅप्टन आणि पोरं जमली की त्या टिपणांवरून दुसऱ्या दिवसाचं ठरायचं. तिचं नाव कॅम्पच्या बरोबरीनं घ्यायलाच पाहिजे!

1925 च्या मार्चमध्ये तो गेला तेही न्यूयॉर्कला नियम समितीच्या मीटिंगसाठी आलेला असताना, हॉटेलच्या खोलीत झोपेतच.