दोन खोल्यांचं घर, एकच फोन : समुपदेशन जमवायचं कसं?

गटप्रवर्तक_यावल यांचा प्रश्न

आशाताईंकडे हल्ली एकच विचारणा फिरून फिरून येते. सासू-सुनेचं पटत नाही, वाटणीवरून भाऊ बोलत नाहीत, नवरा पितो, झोप लागत नाही. जळगावला जाऊन बसायला भाडं आणि रोज दोन्ही बुडतात, आणि गेलं की गावात बोभाटा. मोबाईलवर समुपदेशन मिळतं हे आता सगळ्यांना कळलंय. मग फुकटात भरवशाचं काय आहे? पैसे मोजायचे तर माणूस शिकलेला आहे की नुसता रील करणारा, हे ओळखायचं कसं? आणि सासूबाई ओट्यावर बसलेल्या असताना सुनेनं बोलायचं कुठे? 'सकारात्मक राहा' सोडून काहीही सांगा.

---

तापीकाठ

ताई, फुकटात पहिलं नाव टेली-मानसचं, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. नंबर १४४१६, चोवीस तास चालू. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलं. फोन लावला की भाषा विचारतात, तिथे मराठी निवडायची. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतात. अडचण अशी की दर वेळी तोच माणूस मिळेलच असं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि बाया दुसऱ्या फोननंतर कंटाळून सोडतात. त्यावर साधा उपाय म्हणजे कागदावर चार ओळी: त्रास काय, कधीपासून, घरात कोण कोण, कोणती गोळी चालू आहे. आजची रात्र निभवायला ही सेवा चांगली. वाटणीचं किंवा नवरा-बायकोचं आठवडेच्या आठवडे चालणारं काम मात्र एकाच माणसाकडे व्हावं.

तो माणूस पैसे देऊन निवडताना आधी शिक्षण विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नंबर मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव ताडून बघा. मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्याची पदवी घेतलेले समुपदेशकही चांगलं काम करतात, पण त्यांच्याकडे हा नंबर नसतो. त्यांना विचारा, कुटुंबाचं काम कुणाच्या देखरेखीखाली शिकलात? उत्तर देताना चिडला तर तिथेच थांबा. समुपदेशकाने गोळी सुचवली तरीही थांबा, औषध लिहिणं हे डॉक्टरचं काम.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, आठवड्याला एक. सहा-आठ सत्रांचे पैसे एकदम भरायला लावणाऱ्यापासून लांब राहा. 'तीन सत्रांत घर जुळवून देतो' म्हणणाऱ्यापासून तर त्याहून लांब.

---

कपाशी_आणि_केळी

ताईंचा तिसरा प्रश्न खरा अवघड, आणि काम बहुतेक वेळा तिथेच फसतं.

व्हिडिओचा हट्ट सोडा. रेंज नसली की चित्र अडकतं, ऐकणारा म्हणतो 'पुन्हा सांगा', आणि रडत सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावी लागते. साधा फोन, वायरचा इअरफोन, स्पीकर बंद. इअरफोनने समोरच्याचं बोलणं झाकतं, आपलं झाकत नाही. म्हणून जागा आधी तपासायची: एकीने आत नेहमीच्या आवाजात बोलायचं, दुसरीने दाराबाहेर उभं राहून ऐकायचं. मळ्यातली खोली, गच्ची, अंगणवाडी सुटल्यावरची खोली, नाहीतर आशाताईंचंच घर. आशाताईंनी मात्र तेवढा वेळ बाहेर बसावं.

पहिल्याच फोनवर खुणेचं वाक्य ठरवून घ्या. सुनेने 'लसूण काय भावाने दिला?' म्हटलं की समोरच्याने समजायचं, कुणीतरी आलं. मग तो फक्त हो-नाहीवर उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो किंवा फोन ठेवतो. पुन्हा फोन सुनेनेच करायचा, त्याने नाही.

आता फोनमधलं बघा. बऱ्याच हँडसेटमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, फोनच्या सेटिंगमध्ये ते बंद करा आणि जुन्या फाइली पुसा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली उपकरणं' उघडा, तिथे नवऱ्याचा दुसरा फोन जोडलेला असला तर सगळं त्याला दिसतंय. यूपीआयने पैसे दिले की बँकेचा मेसेज खात्याला जोडलेल्या नंबरवर जातो आणि पासबुकात घेणाऱ्याचं नाव उमटतं. त्या नावातच 'समुपदेशन' असलं तर बोलायलाच नको. आधी विचारून घ्या.

वेळेचंही बघा. पुण्यात बसलेला समुपदेशक दुपारी ३ ची वेळ देतो. कापूस वेचणीत ती बाई तेव्हा शेतात असते, दोन सत्रं बुडतात आणि शेरा पडतो 'प्रतिसाद नाही'. बाजाराच्या दिवशी घर रिकामं होतं, ती वेळ मागा.

---

अमळनेरकर

वरच्या सगळ्याला दुजोरा. भर एवढीच की नवरा-बायकोला एकत्र बसवायची घाई करू नका. आधी दोघांशी वेगवेगळं बोलणं व्हावं आणि तेव्हाच समुपदेशकाला विचारावं, 'मी एकटीने सांगितलेलं तुम्ही त्यांना सांगणार का?' उत्तर स्पष्ट मिळालं तरच पुढे.

मारहाण किंवा धमकी असेल तर एकत्र सत्र नकोच. तिथे बाई जे बोलते त्याचा हिशोब फोन ठेवल्यावर घरात होतो. अशा वेळी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत), आणि जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून संरक्षण अधिकारी गाठायचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त मारापुरता नाही. शिवीगाळ करून छळणं, खर्चाला पैसे न देणं हेही त्यात येतं.

---

गटप्रवर्तक_यावल

लसणाचं वाक्य लगेच कामाला येईल. दारूचं राहिलं. सुना म्हणतात, 'तुम्ही फोनवर त्यांना सांगा, आजपासून बंद करा.' चालतं का असं?

---

तापीकाठ

नाही ताई, त्यात जिवाला धोका आहे. रोज सकाळपासून भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर काही तासांत हात कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसतं. गावात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि भगताकडे नेतात, तेवढ्यात वेळ जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनवरचं समुपदेशन त्यानंतरचं: पुन्हा प्यायची ओढ कधी लागते, पगार किंवा केळीचे पैसे हातात आल्यावर काय करायचं. नवरा तयार नसला तरी बायकोने एकटीने सुरू करायला हरकत नाही.

आणि घरात कुणी 'जगून काय करू' म्हणत असेल, तर फोन लावायच्या आधी फवारणीची औषधं घरातून हलवा. कुलूप लावून किल्ली त्या माणसाला माहीत नसलेल्या ठिकाणी, शक्यतो भाऊबंदांच्या घरी. माणसाला एकटं सोडू नका. मग १४४१६. पोटात काही गेल्याचा संशय असेल तर १०८, आणि डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला औषध कोणतं ते कळेल. मीठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका.