परवडेल आणि बाळाकडे नीट लक्षही दिलं जाईल असं पाळणाघर कसं शोधलंत?

पहाटपाळी:
मुलगी अकरा महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय. माझी शिफ्ट सकाळी सहाची, नवरा आठला घर सोडतो. दोन्ही घरांत बाळाला सांभाळू शकेल असं आता कुणी नाही.

तीन पाळणाघरं पाहून आले. पहिलं पाहताक्षणी आवडलं, पण माझा निम्म्याहून जास्त पगार तिथेच संपेल. दुसरं उघडतं साडेआठला. तिसऱ्याची फीही जमते आणि वेळही, म्हणून तिथे तासभर बसून राहिले. नऊ मुलं, त्यातली पाच रांगणारी, आणि सांभाळायला एकच ताई. ताई वाईट नव्हती. एकाला मांडीवर घेऊन दुसऱ्याचं लंगोट बदलत होती आणि पायाने तिसऱ्याचा पाळणा हलवत होती. कोपऱ्यात एक बाळ भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. रडत नव्हतं. त्या तासाभरात त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. ते बाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

नोकरी सोड, असं कृपया सांगू नका. काम मला हवंय आणि घरालाही त्याची गरज आहे. पाळणाघर बघताना नेमकं काय बघायचं ते सांगा. आणि हे सगळं इतकं महाग का? कुठे कुणी यातून वाट काढली आहे का?

मायेची_ताई:
मी चौदा वर्षं पाळणाघरात काम केलं. रंगवलेल्या भिंती आणि खेळणी बघू नकोस गं, माणसं मोज. वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस हवं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नियमच १:३ चा आहे. चौथं बाळ आलं की काय होतं ते मी भोगलंय: भरवणं आणि पुसणं तेवढं होतं, बोलणं राहून जातं. तुला कोपऱ्यात दिसलं ते हेच.

दुसरं म्हणजे, सांभाळणारी बाई किती दिवस तिथे आहे ते विचार. बाळाला एक ओळखीचा चेहरा लागतो. दर तीन महिन्यांनी बाई बदलत असेल तर पगार कमी आहे असं समज. झोपवताना बाळाला पाठीवर झोपवतात का आणि तोंडाजवळ उशी-पांघरूण ठेवत नाहीत ना, हे डोळ्यांनी बघ. आणि न कळवता जा. आई-वडिलांना केव्हाही येऊ देत नाहीत तिथे मूल ठेवायचंच नाही.

आमच्याकडे प्रत्येक बाळाची वही असायची. किती वाजता झोपलं, किती दूध घेतलं, शी कशी झाली, आज पहिल्यांदा काय केलं. संध्याकाळी आया उभ्या उभ्याच ती वाचायच्या. एका वहीत मी ‘आज धरून उभा राहिला’ असं लिहिलं, तर त्याची आई रडली. पुढे मी असलं लिहायचं सोडलं. पहिलं पाऊल घरीच पडू दे म्हटलं.

हिशेबी_बाबा:
महाग का, ते मायेची_ताईंच्या १:३ मध्येच आहे. तीन घरांनी मिळून एका माणसाचा पूर्ण पगार द्यायचा, वर जागा, वीज, सफाई. ज्या आईचा पगार त्या ताईएवढाच, तिचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पगार तिथेच जातो. फी कमी करायची तर ताईचा पगार कापा किंवा मुलं वाढवा, आणि दोन्हींचा मार बाळाला बसतो. म्हणून फरकाचे पैसे आई-बापांखेरीज आणखी कुणीतरी घातल्याशिवाय हे सुटत नाही.

डेन्मार्कमध्ये पाळणाघर चालवण्याच्या खर्चाचा जास्तीत जास्त पाव हिस्सा पालक देतात, बाकी नगरपालिका. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर अशी फी ठरवली. लहान मुलं असलेल्या बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, पण पाळणाघरांत जागा पुरेनात आणि दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही. पालकांचं बहुमत असलेल्या मंडळांची ना-नफा केंद्रं खासगी केंद्रांपेक्षा सरस ठरली. जर्मनीत २०१३ पासून वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी शिकलेली माणसं कमी असल्याने कित्येक घरांना वाट पाहावी लागते. भारतात २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली.

तेव्हा कामाच्या जागी लेखी मागा. एकटीने नको, लहान मुलं असलेल्या सगळ्यांनी मिळून. आणि बाबांच्याही सह्या घ्या.

दोन_लेकरांची:
आम्ही तीन घरांनी मिळून एक मावशी ठेवली आहे. पैसे तिघांत वाटतो. मावशी आजारी पडली की कुणी रजा घ्यायची, हे मात्र आधी कागदावर ठरवा. आमची भांडणं त्यावरूनच झाली.

पहाटपाळी:
मायेची_ताई, काल न कळवता तिसऱ्या ठिकाणी परत गेले. आत येऊ दिलं. ताई बदललेली होती. चौदा दिवसांत! तिथला विषय संपला.

बाबा, शिफ्ट सुटायच्या वेळी कामाच्या जागी गेले आणि गेटपाशी उभी राहून विचारलं. तीन वर्षांखालची मुलं असलेले आम्ही एकवीस जण निघालो, त्यात आठ बाबा. अर्ज सोमवारी देतोय. तोवर नवऱ्याने उशिराची शिफ्ट मागून घेतली आहे, सकाळी तो बघेल. पहिल्या पाळणाघराला अर्ध्या दिवसाची फी विचारली, तर हो म्हणाले. तिथे दोन ताया आहेत, बाळं पाच. आल्या आल्या एकीने माझ्या मुलीच्या उंचीला खाली बसून तिचं नाव विचारलं.

दोन_लेकरांची, तुमचा तो कागद टाकता का इथे?